अमेरिकेतल्या फास्ट फूड साखळ्यांची अ‍ॅप्स आणि पॉइंट: शाकाहारी घराचा हिशेब

वैनगंगा (धागाकर्ती)

अमेरिकेत नव्याने आलेले विद्यार्थी आणि लहान मुले असलेली कुटुंबे बाहेरच्या खाण्याचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा असे वरचेवर विचारतात, आणि त्यांना ‘अ‍ॅप घ्या, स्वस्त पडेल’ असे एका ओळीचे उत्तर मिळते. उत्तर बरोबर आहे, पण कोणते अ‍ॅप, कोणासाठी आणि किती स्वस्त, हे त्यातून कळत नाही. आमच्या घरी सगळे शाकाहारी असल्यामुळे हा प्रश्न मला जरा वेगळ्या अंगाने सोडवावा लागला. तो हिशेब येथे मांडते. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी भर घालावी.

अ‍ॅपमध्ये दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे त्या दिवसाची किंवा आठवड्याची सवलत: एकावर एक, ठरावीक रकमेवर काही टक्के सूट, अमुक घेतले की तमुक फुकट. दुसरी म्हणजे प्रत्येक खरेदीवर साठत जाणारे पॉइंट. बचतीचा मोठा भाग पहिलीतून येतो, पण लोकांचे लक्ष दुसरीकडे असते, कारण वाढत जाणारा आकडा डोळ्यांना सुखावतो. काउंटरच्या वर फलकावर लिहिलेली किंमत ही आता बऱ्याच साखळ्यांमध्ये अ‍ॅप नसलेल्या गिऱ्हाइकाची किंमत झाली आहे, असे मानून चालावे. खरी किंमत अ‍ॅपमध्ये असते आणि ती दर आठवड्याला बदलते.

पॉइंटांची किंमत ठरवायची सोपी रीत अशी की, फुकट मिळणाऱ्या वस्तूची आपल्या गावातली किंमत घ्यावी आणि तिला तेवढे पॉइंट मिळवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या खर्चाने भागावे. मॅकडोनल्ड्सने अमेरिकेत ही योजना ८ जुलै २०२१ रोजी देशभर सुरू केली. तेथे एका डॉलरला १०० पॉइंट मिळतात आणि बक्षिसांच्या पायऱ्या १५०० पासून ६००० पॉइंटांपर्यंत आहेत. शून्ये काढून टाकली की चित्र स्पष्ट होते: खालची पायरी म्हणजे १५ डॉलरचा खर्च आणि वरची म्हणजे ६० डॉलरचा. खालच्या पायरीवरची वस्तू तुमच्या गावात तीन डॉलरला मिळत असेल तर परतावा २० टक्के झाला, आणि वरच्या पायरीवरचा बर्गर सहा डॉलरचा असेल तर तो १० टक्क्यांवर आला. मोठ्या वस्तूसाठी पॉइंट साठवत राहणे हा म्हणूनच आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो, शिवाय न वापरलेले पॉइंट साधारण सहा महिन्यांनी बाद होतात. एका ऑर्डरला सामान्यतः एकच सवलत लावता येते, त्यामुळे मोठ्या ऑर्डरला टक्केवारीची सूट लावावी आणि एकच वस्तू घ्यायची असेल त्या दिवशी पॉइंट मोडावेत.

मेक्सिकन धर्तीचे पदार्थ विकणाऱ्या चिपोटलेचे गणित निराळे आहे. २०१९ मध्ये त्यांची योजना देशभर सुरू झाली तेव्हा एका डॉलरला १० पॉइंट मिळत आणि १२५० पॉइंटांवर एक मुख्य पदार्थ फुकट मिळे. पुढे तो उंबरठा वाढत वाढत १६२५ वर गेला. दहा डॉलरचा बोल (वाडग्यात भरून मिळणारे जेवण) धरला तर आधी परतावा ८ टक्के होता, तो ६ टक्क्यांच्या थोडा वर राहिला. येथे एक बारकावा आहे. पदार्थांच्या किमती वाढल्या तरी परताव्याची टक्केवारी फारशी बदलत नाही, कारण खर्चही वाढतो आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमतही वाढते. टक्केवारी घसरते ती उंबरठा वर सरकला की, आणि ते फलकावर कोठेही लिहिलेले नसते. १२५० वरून १६२५ म्हणजे तीस टक्क्यांची वाढ. एवढी वाढ बरीटोच्या (पोळीत गुंडाळून मिळणाऱ्या पदार्थाच्या) किमतीत एका झटक्यात केली असती तर केवढा गदारोळ झाला असता!

कॉफी आणि डोनट विकणाऱ्या डंकिनने ऑक्टोबर २०२२ मध्ये असाच बदल केला. पूर्वी साधारण ४० डॉलर खर्चावर कोणतेही एक पेय फुकट मिळत असे. नव्या योजनेत साध्या कॉफीसाठी ५०० पॉइंट, म्हणजे ५० डॉलर, आणि खास पेयांसाठी ९०० पॉइंट, म्हणजे ९० डॉलर लागू लागले. वाढदिवसाला मिळणारे फुकट पेयही त्याच वेळी गेले.

आता डॉमिनोज. येथे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण पॉइंट डॉलरवर मिळत नाहीत, ऑर्डरवर मिळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी योजना बदलली आणि किमान ऑर्डर १० डॉलरवरून ५ डॉलरवर आणली. प्रत्येक पात्र ऑर्डरला १० पॉइंट आणि ६० पॉइंटांवर दोन टॉपिंगचा मध्यम पिझ्झा. स्वतः जाऊन आणलेला आठ डॉलरचा पिझ्झा सहा वेळा घेतला तर ४८ डॉलरच्या खर्चावर सुमारे सात डॉलरची वस्तू मिळते, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. त्याच सहा ऑर्डरी वाढदिवसाच्या पार्ट्यांच्या, प्रत्येकी चाळीस डॉलरच्या असतील, तर परतावा ३ टक्क्यांपेक्षाही कमी होतो. ऑर्डर मोजणारी योजना एकट्या माणसाला धार्जिणी असते आणि डॉलर मोजणारी योजना मोठ्या कुटुंबाला. अ‍ॅप घेण्याआधी हा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी अर्धे काम झाले.

शाकाहारी घराला आणखी एक चाळणी लावावी लागते. मॅकडोनल्ड्सच्या अमेरिकेतल्या यादीत शाकाहारी बर्गर नाही; वनस्पतिजन्य बर्गरची चाचणी सॅन फ्रान्सिस्को आणि डॅलस परिसरात घेऊन त्यांनी तो विषय सोडून दिला. तेथील फ्राईजमध्ये गोमांसाचा स्वाद असतो, हे भारतातून आलेल्यांना पुष्कळदा ठाऊक नसते, कारण भारतातल्या फ्राईज शाकाहारी आहेत. याच मुद्द्यावर २००१ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये दावा दाखल झाला होता आणि २००२ मध्ये कंपनीने शाकाहारी व धार्मिक संस्थांसह विविध संस्थांना १ कोटी डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली. स्वाद मात्र कायम राहिला. शुक्रवारी अ‍ॅपवर फ्राईज फुकट देण्याची जी प्रसिद्ध सवलत मॅकडोनल्ड्सने बराच काळ चालवली, तिची आमच्या घरी किंमत शून्य. सवलत कितीही मोठी असली तरी जी वस्तू आपण खाणार नाही तिच्यावरचा परतावा शून्यच धरावा.

याउलट टाको बेलमध्ये मांसाऐवजी बीन्स मागता येतात, आणि अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनने त्यांच्या पदार्थांना २०१५ पासून प्रमाणपत्र दिलेले आहे. स्वतः जुळवायचा पाच डॉलरचा डबा त्यांनी आणला तेव्हा तो केवळ अ‍ॅपवर आणि संकेतस्थळावर मिळे, आणि त्यातला मुख्य पदार्थ बीन्सचा करता येई. पुढे किंमत वाढली, तरी सुटे पदार्थ घेण्यापेक्षा असे डबे स्वस्त पडतात. चिपोटलेमध्ये मांस किंवा टोफू न घेणाऱ्याला ग्वाकामोले (अ‍ॅव्होकाडोची चटणी) वेगळे पैसे न देता मिळते, आणि ही सवलत कोणत्याही अ‍ॅपशिवाय रोज चालू असते. मात्र पॉइंट मोडताना शाकाहारी माणसाचा तोटा होतो. बक्षीस ‘एक मुख्य पदार्थ’ असे असते, मांसाहारी माणूस त्यावर सर्वांत महाग पदार्थ उचलतो आणि आपण स्वस्तातला उचलतो.

या सगळ्यातून आमच्या फोनवर टाको बेल, डॉमिनोज आणि चिपोटले एवढी तीनच अ‍ॅप्स उरली. आपापल्या घरचा हिशेब वेगळा निघेल.

घाटमाथा

अतिशय उपयुक्त धागा. मी विद्यार्थी आहे आणि आम्ही चौघे एका घरात राहतो. डॉलर मोजणाऱ्या योजनांसाठी आम्ही एकाच खात्यावरून ऑर्डर देतो आणि खर्च नंतर वाटून घेतो, म्हणजे पॉइंट मुदतीच्या आत उंबरठ्यापर्यंत पोहोचतात. चार खात्यांवर थोडे थोडे विखुरले तर चौघांचेही बाद होतात. डॉमिनोजसाठी आपण सांगितल्याप्रमाणे उलटे करणे योग्य ठरेल, म्हणजे ज्याला पाहिजे त्याने स्वतःच्या खात्यावरून स्वतंत्र ऑर्डर द्यावी.

नव्याने येणाऱ्यांसाठी दोन सूचना. भारतातून आणलेल्या फोनमध्ये अ‍ॅप स्टोअरचा देश भारतच राहतो, त्यामुळे अनेक साखळ्यांची अमेरिकेतली अ‍ॅप्स शोधूनही सापडत नाहीत किंवा त्यांच्या जागी भारतातले अ‍ॅप दिसते. देश बदलण्याआधी स्टोअरच्या खात्यात रुपयांतली शिल्लक किंवा चालू वर्गणी नाही ना, ते पाहावे, नाहीतर देश बदलू देत नाहीत. दुसरे असे की, विद्यापीठाच्या आवारातली दुकाने बऱ्याचदा विद्यापीठाने नेमलेली खानपान कंपनी चालवते. बाहेर नाव तेच असले तरी तेथे अ‍ॅपवरची सवलत किंवा पॉइंट चालतीलच असे नाही. रांगेत उभे राहण्याआधी अ‍ॅपमध्ये ते दुकान निवडून पाहावे. सवलती दिसल्या नाहीत तर ते दुकान योजनेत नाही.

एक प्रश्न: पहिल्या ऑर्डरीवर मिळणारी सवलत प्रत्येकाने आपापल्या फोनवर घ्यावी की नाही, यावर आमच्यात दुमत आहे. आपले मत काय?

वैनगंगा

@घाटमाथा, चौघांनी प्रत्येकी एकदा पहिली ऑर्डर दिली तर त्यात काहीच गैर नाही, कारण चौघेही खरोखर नवे ग्राहक आहेत. एकाच माणसाने चार ईमेलवरून चार खाती उघडणे हे बहुतेक योजनांच्या अटींच्या विरुद्ध आहे, आणि खाते बंद झाले तर साठलेले पॉइंटही जातात. दोन डॉलरसाठी तो उद्योग करू नये असे मला वाटते.

दिवेलागण

लेखातला हिशेब चोख आहे, पण त्याचा पाया मला पटत नाही. परतावा मोजताना तुम्ही असे गृहीत धरता की खर्च आधीच ठरलेला होता आणि अ‍ॅपने त्यातून काही टक्के परत दिले. प्रत्यक्षात अ‍ॅपचे काम खर्च वाढवणे हे आहे. मॅकडोनल्ड्सने डिसेंबर २०२३ मध्ये गुंतवणूकदारांसमोर जे उद्दिष्ट जाहीर केले त्यात २०२७ अखेर पॉइंट योजनेचे २५ कोटी सक्रिय सदस्य आणि त्यांच्याकडून वर्षाला ४५०० कोटी डॉलरची विक्री असे आकडे होते. गिऱ्हाइकाचे पैसे वाचवण्यासाठी कोणी एवढे मोठे उद्दिष्ट ठेवत नाही.

फोनवरच्या ठिकाणाच्या माहितीला या कंपन्या किती किंमत देतात याचे गमतीदार उदाहरण म्हणजे बर्गर किंगची डिसेंबर २०१८ मधली मोहीम. मॅकडोनल्ड्सच्या दुकानापासून ६०० फुटांच्या आत जाऊन अ‍ॅप उघडले की व्हॉपर हा त्यांचा प्रसिद्ध बर्गर एका सेंटला मिळत असे. लोक हसत हसत प्रतिस्पर्ध्याच्या दारात गेले, आणि नऊ दिवसांत पंधरा लाखांच्या आसपास लोकांनी ते अ‍ॅप उतरवून घेतले. एका सेंटच्या बर्गरवर झालेला तोटा कंपनीने कशापोटी सोसला असेल, याचा विचार करावा.

आणखी एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये वेंडीजच्या प्रमुखांनी डिजिटल फलकांवर दोन कोटी डॉलर खर्चून २०२५ पासून बदलत्या किमतींची चाचणी घेण्याची गोष्ट केली, तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की, गर्दीच्या वेळी किमती वाढवण्याचा आमचा विचार नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. पण अ‍ॅपमध्ये निरनिराळ्या ग्राहकांना निरनिराळ्या सवलती दाखवणे आजही सर्रास चालते आणि त्यावर कोणी ओरडत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला तोच पदार्थ कितीला पडला, हे फलकावरून कळत असे, अ‍ॅपमधून कळत नाही.

वैनगंगा

@दिवेलागण, तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आमच्या घरातल्या दोन फोनवर एकाच दुकानाच्या सवलती वेगवेगळ्या दिसतात, आणि जो फोन पुष्कळ दिवस त्या अ‍ॅपकडे फिरकला नाही त्याला अधिक चांगली सवलत आलेली दिसते. हा काही नियम नाही, पण म्हणूनच आम्ही ऑर्डर देण्याआधी दोन्ही फोन पाहतो.

खर्च वाढण्याविषयी मात्र मी थोडी असहमत आहे. शनिवारी मुलांचे पोहणे आणि मराठी शाळा यांच्या मधल्या वेळात काहीतरी खावे लागतेच, आणि ते अ‍ॅप नसतानाही खाल्ले जात होते. अशा ठरलेल्या खर्चावर मिळालेली सूट ही खरी बचत आहे. सूचना आली म्हणून मंगळवारी रात्री आणलेला पिझ्झा ही बचत नव्हे, मग त्यावर कितीही टक्के मिळोत. यावरचा उपाय सोपा आहे: अ‍ॅप ठेवावे, सूचना बंद ठेवाव्यात. सवलत पाहायला आपण जावे, तिने आपल्याकडे येऊ नये.

टोरांटोकर

ठिकाणाच्या माहितीचा विषय निघालाच आहे तर कॅनडातल्या टिम हॉर्टन्स या कॉफीच्या साखळीचे प्रकरण येथे नोंदवणे आवश्यक आहे. संघराज्याच्या गोपनीयता आयुक्तांनी क्वेबेक, ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांच्या आयुक्तांसह केलेल्या चौकशीचा अहवाल जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅप बंद असतानाही ते दर काही मिनिटांनी ग्राहक कोठे आहे याची नोंद करत होते, आणि त्यावरून त्याचे घर कोठे, कचेरी कोठे, तो प्रतिस्पर्धी दुकानात कधी गेला, याचे अंदाज बांधले जात होते, असे त्यात म्हटले होते. पुढे न्यायालयीन तडजोडीत बाधित ग्राहकांना एक गरम पेय आणि एक बेकरीचा पदार्थ देऊ करण्यात आला. वर्षभराहून अधिक काळाच्या पाळतीची भरपाई एक कॉफी आणि एक डोनट!

म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची परवानगी ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढीच द्यावी, किंवा ती न देता दुकान पिन कोडवरून निवडावे. बहुतेक अ‍ॅप्समध्ये सवलत त्याने बुडत नाही, फक्त एक पायरी वाढते. पैसे भरण्याचे कार्डही अ‍ॅपमध्ये कायमचे साठवण्याची गरज नसते. पुष्कळ ठिकाणी अ‍ॅपमधला कोड काउंटरवर दाखवून पैसे नेहमीच्या कार्डाने देता येतात, आणि ज्या क्रेडिट कार्डावर उपाहारगृहाच्या खर्चाला जास्त परतावा असेल ते वापरता येते. पॉइंट आणि कार्डाचा परतावा हे दोन्ही एकाच खर्चावर मिळतात.

मावळतीचा

कॉफीची दुकाने फास्ट फूडमध्ये धरावीत की नाहीत, हा वाद बाजूला ठेवून स्टारबक्सविषयी लिहितो, कारण आमच्या कचेरीतल्या मराठी मंडळींचा सर्वाधिक खर्च तेथेच होतो. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांनी अमेरिकेतल्या योजनेत बदल केला. साध्या गरम कॉफीसाठी किंवा चहासाठी ५० तारे (तेथील पॉइंट) लागत, ते १०० झाले. लाटे या दुधाच्या कॉफीसारख्या पेयांचे १५० वरून २०० झाले. बर्फाच्या कॉफीचे मात्र १५० वरून १०० वर आले. म्हणजे साधी गरम कॉफी पिणाऱ्याच्या ताऱ्यांची किंमत रातोरात निम्मी झाली आणि बर्फाची कॉफी पिणाऱ्याचा फायदा झाला. पॉइंट साठवून ठेवू नयेत, या धागाकर्तींच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नाही. हे चलन छापणाराच त्याचा भाव ठरवतो.

दुसरा मुद्दा आगाऊ भरलेल्या पैशांचा. थेट कार्डाने पैसे दिले तर डॉलरला एक तारा आणि आधी अ‍ॅपमध्ये रक्कम भरून ठेवली तर दोन तारे, अशी तेथे बरीच वर्षे रचना होती. दुप्पट तारे ऐकायला छान वाटतात, पण भरलेली रक्कम आणि पेयाची किंमत यांचा मेळ क्वचितच बसतो आणि दोन-चार डॉलर मागे राहतात. अशा कधीच न वापरल्या गेलेल्या रकमा कंपनी आपल्या वार्षिक अहवालात उत्पन्न म्हणून दाखवते, आणि अलीकडच्या वर्षांत हा आकडा २० कोटी डॉलरच्या आसपास राहिला आहे. कॅनडात किंवा अन्य राज्यात बदली होणाऱ्यांनी जाण्याआधी शिल्लक संपवावी. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ठरावीक रकमेखालची शिल्लक रोख मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. काउंटरवरच्या मुलाला तो ठाऊक नसेल तर व्यवस्थापकाला शांतपणे सांगावे.

कोथरूडचा वाचक

अमेरिकेतला हिशेब वाचताना पुण्यातला फरक जाणवला, तो नोंदवतो. आपल्याकडे बहुतेक लोक साखळीचे स्वतःचे अ‍ॅप उघडतच नाहीत. झोमॅटो किंवा स्विगी उघडतात आणि तेथले कूपन लावतात. तेथे पदार्थाची किंमतच पुष्कळदा दुकानातल्यापेक्षा जास्त लावलेली असते, त्यावर पॅकिंगचे पैसे, घरपोच पोहोचवण्याचे पैसे आणि प्लॅटफॉर्म शुल्क. हे शुल्क दोन्ही कंपन्यांनी २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू केले आणि पुढे ते दहा रुपयांच्या वर नेले. ‘शंभर रुपये वाचले’ अशी हिरवी पट्टी दिसते तेव्हा ते शंभर रुपये फुगवलेल्या बेरजेतून वजा झालेले असतात. तोच बर्गर दुकानात कितीला आहे हे एकदा पाहून मगच ‘वाचले’ म्हणावे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत तेरा प्रकार नोंदवलेले आहेत, आणि न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी घालणे, किंमत शेवटच्या पानावर जाऊन वाढवणे, ‘दहाच मिनिटे उरली’ अशी खोटी घाई करणे हे त्यांतले तीन. ऑर्डरचे शेवटचे पान वाचण्याची सवय लावली तर यांतले पहिले दोन तेथेच पकडता येतात.

डॉमिनोजची योजना भारतातही ऑर्डर मोजणारीच आहे: किमान रकमेच्या सहा ऑर्डरी झाल्या की एक लहान पिझ्झा. त्यामुळे धागाकर्तींचा नियम येथेही लागू होतो. चार मित्रांनी मिळून एक मोठी ऑर्डर देण्यापेक्षा किमान रकमेच्या जरा वर राहणाऱ्या दोन ऑर्डरी, त्याही दुकानात जाऊन, फायद्याच्या ठरतात. घरपोच मागवल्या तर पोहोचवण्याचा खर्च दोनदा पडतो आणि सगळा फायदा वाहून जातो.

ओसरी

या चर्चेत एक माणूस सुटला आहे, आणि तो म्हणजे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील. त्यांचा फोन भारतातल्या क्रमांकाचा असतो आणि अ‍ॅपला अमेरिकेतला क्रमांक पाहिजे असतो, आणि आपण कामावर गेल्यावर ते नातवंडांना घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातात तेव्हा फलकावरची पूर्ण किंमत देतात. माझ्या सासऱ्यांनी यावर स्वतःच तोडगा काढला. टपालाने जी रंगीत कूपनपत्रे येतात, ती आम्ही न पाहता टाकून देत होतो. त्यांनी ती कात्रीने कापून पाकिटात ठेवायला सुरुवात केली. बर्गर किंगसारख्या साखळ्या अशी कागदी कूपने अजूनही पाठवतात आणि ती काउंटरवर चालतात. शिवाय काही ठिकाणी ज्येष्ठांना कॉफीवर किंवा पेयावर सूट असते, ती फलकावर लिहिलेली नसते, विचारावी लागते. ती देणे न देणे त्या दुकानाच्या मालकावर असते, कारण बहुतेक दुकाने फ्रँचायझीची असतात. विचारायला संकोच वाटू नये म्हणून सासरे आधी ‘हॅलो यंग मॅन’ म्हणतात आणि मग थेट मुद्द्यावर येतात. बहुतेक वेळा सूट मिळते.

पावतीच्या मागे जे सर्वेक्षण असते तेही त्यांच्यासारख्या निवांत माणसांसाठीच आहे. पाच मिनिटे प्रश्नांची उत्तरे दिली की एक कोड मिळतो आणि पुढच्या खरेदीवर एखादी वस्तू फुकट मिळते. पांडा एक्स्प्रेसचे सर्वेक्षण त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला त्या पाच मिनिटांचा कंटाळा येतो, त्यांना येत नाही.

आता एक प्रश्न. आई-वडील आले की नायगाराची फेरी ठरलेलीच असते. न्यू जर्सीहून गाडीने जाताना वाटेत खाण्याचे नियोजन या अ‍ॅप्समधून करता येईल का?

वैनगंगा

@ओसरी, तुमच्या सासऱ्यांची पद्धत आमच्या तीन अ‍ॅप्सपेक्षा सरस आहे. शिवाय त्यात ठिकाणाची माहितीही द्यावी लागत नाही, त्यामुळे @दिवेलागण यांचीही हरकत नसावी.

नायगाराच्या वाटेवर टोल रस्त्यालगत जे विश्रांतीचे थांबे आहेत तेथली दुकाने शक्यतो टाळावीत. तेथे किमती चढ्या असतात आणि विमानतळाप्रमाणेच तेथेही अ‍ॅपच्या सवलती बऱ्याचदा चालत नाहीत. रस्त्यावरून एखादा मैल आत, गावातल्या दुकानात गेले तर सवलत चालते. निघण्याच्या आदल्या दिवशी नकाशावर जेवणाच्या वेळी जे गाव येईल ते पाहून अ‍ॅपमध्ये तेथील दुकान निवडावे, म्हणजे त्या दुकानाच्या किमती आणि सवलती घरबसल्या दिसतात. एकाच साखळीच्या दोन गावांतल्या किमतींमध्ये किती फरक असतो हे त्या वेळी पाहण्यासारखे असते. आई-वडील शाकाहारी असतील तर टाको बेलमध्ये बीन्सचा बरीटो कांदा आणि लाल सॉस वगळून मागता येतो. हा बदल अ‍ॅपमध्ये लिहून दिला की काउंटरवर इंग्रजीत समजावण्याचा खटाटोप वाचतो. घरून दशम्या आणि चटणी नेणारच असाल, तर अ‍ॅपची गरज फक्त मुलांपुरती राहते.

टोरांटोकर

@ओसरी, व्हिसा असेल आणि धबधबा कॅनडाच्या बाजूने पाहणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की, मॅकडोनल्ड्सचे अमेरिकेतले पॉइंट येथे चालत नाहीत. कॅनडाची योजना आणि अ‍ॅप स्वतंत्र आहे. धबधब्याच्या अगदी समोरच्या पर्यटन भागातली दुकाने महागच आहेत, आणि तेथे काही उपाहारगृहे बिलात पर्यटनाच्या नावाने वेगळे शुल्कही लावतात, तेव्हा बिल वाचल्याशिवाय कार्ड देऊ नका. गाडीने दहा-पंधरा मिनिटे आत, लंडीज लेन या रस्त्याच्या पुढे गेलात तर नेहमीच्या किमतीची दुकाने लागतात. गाडी उभी करण्याचे पैसे तेथे सहसा पडत नाहीत.